कागदावरचे प्रथिन : २००७ सालचे पेट फूडमधील मेलामाइन प्रकरण

१६ मार्च २००७ रोजी मेन्यू फूड्स या कॅनडातील कंपनीने कुत्र्यामांजरांच्या ओल्या खाद्याचे सुमारे ६ कोटी डबे आणि पाकिटे बाजारातून परत मागवली. कंपनीच्या अमेरिकेतील दोन कारखान्यांत, म्हणजे कॅन्सस राज्यातील एम्पोरिया आणि न्यू जर्सीतील पेनसॉकेन येथे, ३ डिसेंबर २००६ ते ६ मार्च २००७ या काळात तयार झालेला हा माल होता. हे खाद्य खाल्लेल्या प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या, एवढेच कारण त्या दिवशी देता आले. खाद्यात नेमके काय गेले आहे हे कंपनीला ठाऊक नव्हते आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएलाही, ते सांगता येत नव्हते.

पेट फूडच्या सुरक्षिततेची चर्चा एरवी साल्मोनेलासारखे जंतू, धान्यावरची बुरशी किंवा निकृष्ट दर्जाचे मांस यांच्याभोवती फिरते. या प्रकरणात यांपैकी काहीही दोषी ठरले नाही. दूषित घटक कागदोपत्री निर्दोष होता, त्यातील प्रथिनाचा आकडा करारात ठरल्याप्रमाणे भरत होता आणि तो नामांकित ब्रँडांच्या महागड्या डब्यांत तसाच स्वस्त डब्यांतही पोचला होता. प्रथिन मोजल्याचे सांगणारी चाचणी प्रत्यक्षात प्रथिन मोजतच नव्हती, हा माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आहे. बाकीच्या चुका त्याच्याभोवती वाढत गेल्या.

तक्रार ते माघार

मेन्यू फूड्सकडे पहिल्या तक्रारी २० फेब्रुवारी २००७ च्या सुमारास आल्या. त्या थोड्या होत्या, आणि मांजरांमध्ये मूत्रपिंडाचे विकार तसेही नेहमीचे असल्यामुळे एखाददुसऱ्या तक्रारीवरून खाद्याकडे बोट दाखवणे सोपे नव्हते. मात्र त्याच सुमारास खाद्याची चव प्राण्यांना कितपत आवडते हे पाहण्याची चाचणी सुरू झाली आणि त्या चाचणीतील काही प्राणी आजारी पडून मेले. त्यांत मांजरांचे प्रमाण अधिक होते. येथे योगायोगाला जागा राहिली नाही, कारण हे प्राणी देखरेखीखाली होते आणि त्यांनी काय खाल्ले याची नोंद होती. तरीही माल परत मागवायला मार्चचा मध्य उजाडला. पहिल्या तक्रारीपासून मोजले तर मधले साधारण साडेतीन आठवडे डबे दुकानांत विकले जात होते आणि घरोघरी उघडले जात होते.

या दिरंगाईवर त्या वेळी बरीच टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. परंतु कायद्याची स्थितीही लक्षात घ्यायला हवी. त्या काळी एफडीएला खाद्यपदार्थ सक्तीने परत मागवण्याचा सर्वसाधारण अधिकारच नव्हता. माल मागे घ्यायचा की नाही आणि कधी, हा निर्णय कंपनीचा असे. कारण सापडलेले नसताना, केवळ घटना जुळतात म्हणून कोट्यवधी डबे मागे घेणारी कंपनी विरळाच.

मागे घेतलेल्या मालाची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा ग्राहकांना दुसरा धक्का बसला. मेन्यू फूड्स हे नाव बहुतेकांनी ऐकलेलेही नव्हते, कारण ही कंपनी प्रामुख्याने इतरांसाठी माल बनवत असे. आयम्स, युकॅनुबा, न्यूट्रो यांसारखे नावाजलेले ब्रँड आणि मोठ्या दुकानसाखळ्यांचे स्वतःच्या नावाने विकले जाणारे स्वस्त डबे एकाच कारखान्यातून बाहेर पडत होते. पहिल्याच यादीत जवळजवळ शंभर ब्रँड होते. प्रत्येक ब्रँडची पाककृती वेगळी असते आणि कराराने ठरलेली असते, त्यामुळे सगळे डबे आतून सारखेच होते असे म्हणणे चूक ठरेल. पण रस्सा दाट करण्यासाठी आणि मांसासारखे दिसणारे तुकडे बांधून ठेवण्यासाठी लागणारे गव्हाचे ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, मात्र एकाच गोदामातून येत होते. जास्त पैसे मोजून सुरक्षितता विकत घेतल्याचा ग्राहकाचा समज निदान या एका घटकापुरता निराधार ठरला.

चुकीचा माग

२३ मार्च रोजी न्यूयॉर्क राज्याच्या अन्न प्रयोगशाळेने खाद्याच्या नमुन्यांत अमिनोप्टेरिन आढळल्याचे जाहीर केले. हे रसायन काही देशांत उंदीर मारण्यासाठी वापरले गेले आहे आणि एके काळी कर्करोगावरचे औषध म्हणूनही त्याचा उपयोग झाला होता. उंदराचे विष म्हटल्यावर वृत्तपत्रांना दुसरे काही नको होते. मात्र आजारी प्राण्यांत दिसणारी लक्षणे त्या विषाशी नीट जुळत नव्हती आणि एफडीएच्या प्रयोगशाळांना ते रसायन सापडलेही नाही. आठवड्याभरात, ३० मार्च रोजी, एफडीएने वेगळेच नाव पुढे केले. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन होते. कॉर्नेल विद्यापीठातील तपासणीत ते बाधित मांजरांच्या मूत्रात आणि मूत्रपिंडातही आढळले होते.

मेलामाइनचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. फॉर्माल्डिहाइडशी त्याचा संयोग करून कठीण प्लास्टिक बनवतात आणि त्यापासून ताटवाट्या, टेबलांचे पृष्ठभाग तयार होतात. ते अन्नात असण्याचे काहीच कारण नाही; पण ते अन्नात सापडले म्हणून कोडे सुटले असेही झाले नाही. उंदरांवरील जुन्या प्रयोगांनुसार मेलामाइनची तीव्र विषबाधा होण्यासाठी शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३ ग्रॅम एवढी मोठी मात्रा लागते. एवढे मेलामाइन कोणत्याही मांजराच्या पोटात गेले नव्हते. मग प्राणी मरत कशाने होते?

उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली होते. मेलेल्या प्राण्यांच्या मूत्रपिंडांतील बारीक नलिका गोलसर, तपकिरी-हिरवट झाक असलेल्या स्फटिकांनी बुजल्या होत्या आणि त्या स्फटिकांवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेषा दिसत होत्या. पशुवैद्यांच्या रोजच्या पाहण्यातले मूत्रखड्याचे स्फटिक असे नसतात. यात एक व्यावहारिक अडचणही निघाली. ऊतींचे नमुने टिकवण्यासाठी शवविच्छेदनानंतर ते फॉर्मलिनमध्ये ठेवण्याची पद्धत आहे, पण हे स्फटिक फॉर्मलिनमध्ये फार काळ राहिले तर विरघळू शकतात. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने, काळजीपूर्वक जपलेल्या नमुन्यातूनच पुरावा नाहीसा होण्याची शक्यता होती, आणि अशा नमुन्यांसाठी अल्कोहोल वापरण्याचा सल्ला पुढे दिला गेला.

स्फटिकांचे पृथक्करण केल्यावर त्यांत मेलामाइनच्या जोडीला सायन्युरिक आम्ल निघाले. सायन्युरिक आम्लही एकटे असताना फारसे विषारी नसते. पोहण्याच्या तलावांतील क्लोरीन उन्हाने लवकर उडून जाऊ नये म्हणून ते पाण्यात घालतात. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजराच्या मूत्रात ही दोन्ही द्रव्ये एकत्र केली तेव्हा काही तासांतच तसे स्फटिक तयार झाले. दोघांचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना असे घट्ट धरतात की तयार होणारे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पोटात गेलेली दोन्ही द्रव्ये रक्तात शोषली जातात, मूत्रपिंडात पोचतात, तेथे मूत्र दाट होत असताना पुन्हा एकत्र येतात आणि नलिकेतच साका धरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी मोजक्या मांजरांवर केलेल्या प्रयोगातही हेच दिसले. फक्त मेलामाइन किंवा फक्त सायन्युरिक आम्ल दिलेल्या मांजरांना बाधा झाली नाही आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांची मूत्रपिंडे दोन दिवसांत निकामी झाली. मुळातच आकाराने लहान असलेल्या आणि अतिशय दाट मूत्र तयार करणाऱ्या मांजरांना फटका अधिक का बसला, याचेही स्पष्टीकरण यातून मिळते.

औषधे आणि रसायने यांची सुरक्षितता आपण बहुधा एकेका द्रव्यानुसार तपासतो. ‘मेलामाइन : कमी विषारी’, ‘सायन्युरिक आम्ल : कमी विषारी’ ही दोन्ही विधाने खरी होती आणि दोन्ही मिळून प्राणघातक ठरली.

नायट्रोजनचे गणित

ग्लुटेनमध्ये मेलामाइन कोणी आणि का घालावे, हे समजण्यासाठी १८८३ सालापर्यंत मागे जावे लागते. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारे योहान केल्डाल यांनी धान्यातील प्रथिन मोजण्याची एक सुटसुटीत पद्धत त्या वर्षी मांडली. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातील नायट्रोजनचे अमोनियम क्षारात रूपांतर करायचे, त्यातून अमोनिया मोकळा करून तो किती निघाला हे मोजायचे. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिन मिळाले असे धरायचे, गव्हासाठी ५.७ हा गुणक वापरतात. पद्धत स्वस्त आहे, भरवशाची आहे आणि प्रामाणिक धान्याच्या बाबतीत तिचे उत्तर बरोबरच येते. नायट्रोजन प्रथिनातून आला की दुसऱ्या कशातून, हे मात्र तिला कळत नाही.

मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजनचा असतो. ६.२५ ने गुणले तर १ ग्रॅम मेलामाइन चाचणीत ४ ग्रॅमहून अधिक प्रथिन म्हणून दिसते. हलक्या मालात शेकडा १ भाग मेलामाइन मिसळले की प्रथिनाचा आकडा जवळजवळ ४ अंकांनी वर सरकतो. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये साधारण ७५ टक्के प्रथिन असावे अशी अपेक्षा असते, साध्या पिठात ते १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असते, आणि दोहोंच्या दरातला फरक हाच भेसळ करणाऱ्याचा नफा. पुढे मे महिन्यात एफडीएने जाहीर केले की ग्लुटेन म्हणून आलेला हा माल मुळात ग्लुटेन नव्हताच. ते मेलामाइन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्ये मिसळलेले गव्हाचे पीठ होते.

शुद्ध मेलामाइनही फुकट मिळत नाही. चीनमध्ये पशुखाद्यात मिसळण्यासाठी मेलामाइन कारखान्यांतील टाकाऊ चुरा विकला जात असल्याचे वार्ताहरांनी त्याच वसंतात उघड केले. अशा चुऱ्यात मेलामाइनबरोबर सायन्युरिक आम्ल आणि त्यांच्या मधल्या पायऱ्यांवरची द्रव्ये येतात, आणि खाद्यात सायन्युरिक आम्ल त्याच वाटेने आले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर भेसळ करणाऱ्याने थोडा अधिक खर्च करून शुद्ध मेलामाइन वापरले असते तर ती फसवणूक कदाचित अनेक वर्षे कोणाच्या लक्षातही आली नसती. प्राण्यांचा जीव गेला तो भेसळीतल्या काटकसरीमुळे.

मालाचा प्रवास

हे पीठ चीनच्या जिआंग्सू प्रांतातील शुझौ आनयिंग या कंपनीकडून आले होते. अमेरिकेत ते आणणारी आयातदार कंपनी लास व्हेगास येथील केमन्यूट्रा. अमेरिकी सरकारने फेब्रुवारी २००८ मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रानुसार ६ नोव्हेंबर २००६ ते २१ फेब्रुवारी २००७ या काळात १३ खेपांत ८०० टनांहून अधिक माल आला आणि त्याची किंमत साडेआठ लाख डॉलरच्या घरात होती. चीनमधून प्रत्यक्ष निर्यात करणारी मधली कंपनी कापड, रेशीम आणि हस्तकलेच्या वस्तूंचा व्यापार करणारी होती. सक्तीच्या तपासणीत न येणाऱ्या वर्गात हा माल दाखवण्यात आला आणि त्यामुळे चिनी बंदरावर त्याची अन्न म्हणून तपासणी झाली नाही, असे आरोपपत्र सांगते. रेशीम विकणाऱ्या कंपनीकडून ग्लुटेन येत आहे, ही गोष्ट कागदपत्रे हाताळणाऱ्या कोणाच्याच भुवया उंचावण्यास पुरेशी का ठरली नाही, हा प्रश्न मला रसायनशास्त्रापेक्षाही अवघड वाटतो.

ग्लुटेनपुरतेच हे थांबले नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका चिनी कंपनीने पाठवलेल्या तांदळाच्या प्रथिनातही मेलामाइन सापडले. त्याची आयातदार कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची विल्बर-एलिस होती, आणि तिच्या मालातील पांढऱ्या पोत्यांमध्ये मेलामाइन असे लिहिलेले एक गुलाबी पोते निघाले होते. दक्षिण आफ्रिकेत मक्याच्या ग्लुटेनमुळे खाद्य परत मागवावे लागले. यादी वाढत वाढत ५,३०० हून अधिक उत्पादनांपर्यंत गेली. पेट फूडच्या कारखान्यांतील उरलेसुरले, विक्रीस न गेलेले खाद्य डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात असल्यामुळे मेलामाइन तेथेही पोचले होते. माणसांना असलेला धोका अतिशय कमी असल्याचा निष्कर्ष अमेरिकी अधिकाऱ्यांनी काढला.

मृतांची मोजणी

किती प्राणी मेले याचा एकच आकडा देता येत नाही, आणि तो न देता येणे हाही या प्रकरणाचाच भाग आहे. सुरुवातीला खात्री झालेले मृत्यू म्हणून १४ ते १६ हाच आकडा अधिकृतपणे सांगितला जात होता. दुसरीकडे पशुपालकांनी स्वतःहून एफडीएला कळवलेल्या मृत्यूंमध्ये सुमारे १,९५० मांजरे आणि २,२०० कुत्रे होते. मात्र यांतील प्रत्येक मृत्यूचे कारण तपासलेले नव्हते. दोन्ही आकड्यांत एवढी दरी पडण्याचे मुख्य कारण साधे होते. माणसांमधील साथीच्या आजारांसाठी दवाखाने, प्रयोगशाळा आणि आरोग्य खाते यांना जोडणारी नोंदणीची व्यवस्था असते. पाळीव प्राण्यांसाठी तशी राष्ट्रीय व्यवस्थाच नव्हती. म्हातारे मांजर मूत्रपिंड निकामी होऊन गेले तर बहुधा शवविच्छेदन होत नाही, रिकामा डबा कचऱ्यात गेलेला असतो आणि बॅच क्रमांक कोणी टिपून ठेवलेला नसतो.

ही उणीव किती महागात पडते, याचा पुरावा त्याआधीच तयार झाला होता. २००४ मध्ये आशियातील काही देशांत हजारो कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि बुरशीजन्य विषावर दोष ठेवून ते प्रकरण मिटले होते. २००७ नंतर तेव्हाच्या मूत्रपिंडांचे जपलेले नमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा त्यांतही मेलामाइन आणि सायन्युरिक आम्ल सापडले. तीन वर्षे आधी तोच स्फटिक शास्त्रज्ञांच्या समोर होता. पण त्याची ओळख पटवण्यासाठी जे शोधायला हवे होते ते कोणी शोधले नव्हते, कारण अन्नात प्लास्टिकचा कच्चा माल असेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

शिक्षा आणि कायदा

ग्राहकांनी दाखल केलेले दावे २००८ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले. केमन्यूट्रा आणि तिच्या मालकांनी २००९ मध्ये भेसळयुक्त आणि चुकीचे लेबल असलेला माल विकल्याच्या किरकोळ स्वरूपाच्या गुन्ह्यांची कबुली दिली. २०१० मध्ये कंपनीला २५,००० डॉलर आणि दोन्ही मालकांना प्रत्येकी ५,००० डॉलर दंड झाला, शिवाय तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन. आयातदाराला भेसळीची माहिती होती असे सिद्ध करावे लागत नव्हते आणि तसे सिद्ध झालेही नाही. या कायद्याखाली दूषित माल विकणे एवढेच गुन्हा ठरण्यास पुरेसे असते. मला ही शिक्षा हलकी वाटते, पण ज्या टप्प्यावर प्रत्यक्ष भेसळ झाली तो अमेरिकी न्यायालयाच्या आवाक्याबाहेर होता, हेही तितकेच खरे.

कायद्यातील बदल संथपणे आले. सप्टेंबर २००७ च्या कायद्याने पेट फूडमधील दोष लवकर कळावेत यासाठी पूर्वसूचना यंत्रणा उभारण्याची जबाबदारी एफडीएवर टाकली. जानेवारी २०११ मध्ये मंजूर झालेल्या अन्न सुरक्षा आधुनिकीकरण कायद्याने सक्तीने माल परत मागवण्याचा अधिकार दिला, परदेशी पुरवठादाराची पडताळणी करण्याची जबाबदारी आयातदारावर आणली आणि पशुखाद्य बनवणाऱ्या कारखान्यांनी संभाव्य धोके आधीच ओळखून त्यांवर नियंत्रण ठेवावे असे बंधन घातले. हे नियम प्रत्यक्ष लागू व्हायला आणखी काही वर्षे गेली.

चीनने एप्रिल २००७ मध्ये अन्नपदार्थांत मेलामाइन वापरण्यावर बंदी घातली. सप्टेंबर २००८ मध्ये सानलू कंपनीच्या बाळांच्या दूध पावडरीत ते सापडले. सुमारे ३ लाख बाळे आजारी पडली आणि अधिकृत नोंदीनुसार ६ दगावली. दुधात पाणी घालायचे आणि उतरलेला प्रथिनाचा आकडा मेलामाइनने भरून काढायचा, ही युक्ती जुनीच होती. फक्त गिऱ्हाईक बदलले होते.

त्यानंतर कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानक संस्थेने मेलामाइनसाठी मर्यादा ठरवल्या : बाळांच्या दूध पावडरीत किलोमागे १ मिलिग्रॅम, इतर अन्नात आणि पशुखाद्यात २.५ मिलिग्रॅम. क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातील द्रव्ये वेगवेगळी करून, ते शोधण्याच्या चाचण्या आता रुळल्या आहेत. या चाचण्या मेलामाइन आणि त्याच्या जातीची द्रव्ये शोधतात; नायट्रोजनने समृद्ध असे दुसरे एखादे स्वस्त द्रव्य कोणी घातले तर त्यासाठी वेगळी चाचणी लागेल. पाकिटावरील ‘क्रूड प्रोटीन’ हा आकडा आजही नायट्रोजनवरूनच काढला जातो. अनेक प्रयोगशाळांनी केल्डाल यांच्या पद्धतीऐवजी नमुना जाळून वायू मोजण्याची ड्युमा पद्धत स्वीकारली आहे. ती जलद आहे आणि तीव्र आम्लाशिवाय चालते, पण मोजते तीही नायट्रोजनच. प्रथिन ज्यांपासून बनते ती अमिनो आम्ले एकेक करून मोजण्याची पद्धत उपलब्ध आहे. ती महाग आणि वेळखाऊ असल्यामुळे प्रत्येक खेपेवर केली जात नाही, आणि एखादा उत्पादक ती किती खेपांमागे एकदा करतो हे पाकिटावर छापलेले नसते.